डिझेलचा रतीब

महाराजांना डिझेलच्या गाडीसोबत मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या कारखान्याच्या जनरेटरला नमस्कार करत होते. साधासुधा नव्हे, दोन्ही हात जोडून, डोळे मिटून, पूर्ण नमस्कार. मग त्यांनी जनरेटरच्या पत्र्यावर हात फिरवला, कान लावला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, हिची तबियत बराबर न्हाई. जास्त पिऊन राह्यली."

"कशावरून?"

"श्वास काळा सोडती. पोटात कायतरी बिघडलंय. वैद्याला दाखवा."

मी हसलो. दोन दिवसांनी मेकॅनिक आला आणि त्यानं इंजेक्टर खराब झाल्याचं सांगितलं. तेव्हापासून मी हसायचं बंद केलं. निदान तोंडावर तरी.

अंगावर पांढरं धोतर, पांढरी बंडी, खांद्यावर पांढरं उपरणं. डिझेलच्या धंद्यात हा पोशाख म्हणजे कोळशाच्या वखारीत लग्नाचा शालू! पण इतक्या वर्षांत त्या कपड्यांवर मी एक डाग पाहिलेला नाही. डाग पडलाच तर ते घरी जात, आंघोळ करत, कपडे बदलत आणि मगच पुढच्या गिऱ्हाइकाकडे येत. कुणी म्हणालं, महाराज, डिझेलच आहे, दूध थोडंच आहे, तर त्यांना मनापासून वाईट वाटे. "का? मशीन पोटाला घेत न्हाई का?"

दुधाचं म्हणाल तर महाराजांची चाळीस वर्षं दुधातच गेली होती. घराणं राजस्थानकडचं, म्हणून सगळे त्यांना 'महाराज' म्हणत, पण पाच पिढ्या जालन्यातच. माझं लग्न झालं त्या वर्षी आमच्या घरी त्यांचाच रतीब होता. पहाटे सायकलची घंटी वाजे, पाठोपाठ आवाज येई, "भांडं दाखवा!" माझी बायको नवी होती. तिनं पहिल्या दिवशी भांडं पुढं केलं, तर महाराजांनी आत डोकावून ते परत दिलं. "वहिनी, रातच्या भाजीचा वास येऊन राह्यला. धुऊन आणा, मी थांबतो." तिनं धुऊन आणलं. महाराजांनी माप घातलं आणि मग पितळेच्या पावशेर मापानं थोडं वर घातलं. "हे वरचं." वरचं घातल्याशिवाय ते कुणाच्या दारातून हलले नाहीत. भांडं दाखवा आणि वरचं घ्या, या दोन वाक्यांवर त्यांनी चाळीस वर्षं काढली.

पुढं पिशवीतलं दूध आलं. पिशवीला भांडं दाखवावं लागत नाही. महाराजांचा रतीब आटत गेला, म्हशी गेल्या, गोठ्याशेजारी प्लॉट पडले. एके दिवशी त्याच प्लॉटवर जेसीबी खोदायला आला आणि डिझेल संपून मधेच थांबला. ड्रायव्हर कॅन घेऊन पंपावर गेला. महाराज गोठ्याच्या ओट्यावर बसून तीन तास त्या थांबलेल्या जेसीबीकडे पाहत होते. मला नंतर म्हणाले, "साहेब, एवढं मोठं जनावर, आन दारात उपाशी उभं. मंग मला वाटलं, ह्याला बी रतीब पाहिजे."

बाकी सगळ्यांना जेसीबी दिसला. महाराजांना म्हैस दिसली!

परवान्यासाठी त्यांनी किती उंबरे झिजवले ते मला माहीत नाही. पण एक दिवस एमआयडीसीत एक छोटी पांढरीशुभ्र गाडी शिरली. मागं डिझेलची टाकी, बाजूला मीटर, पाईप, नोझल, सगळं सरकारी नियमानं. आणि ड्रायव्हरच्या दारावर सायकलची जुनी घंटी. हॉर्न होता, पण महाराज घंटीच वाजवत.

गाडीत आणखी एक गोष्ट होती, ती नियमात नव्हती. तेच पितळी पावशेर माप, आणि त्यासाठी पंपावरून स्वतःच्या खर्चानं घेतलेला डिझेलचा वेगळा डबा. मीटर आकडा दाखवून थांबलं की महाराज त्या मापानं थोडं वर घालत. एकदा वजनमापाच्या साहेबांनी विचारलं, "हे काय?" महाराज म्हणाले, "मीटर सरकारचं, पावशेर माझं." साहेबांनी कागद उलटेपालटे केले, जास्त देण्याविरुद्ध काही सापडलं नाही, आणि ते निघून गेले.

आता महाराजांच्या तीन गाड्या आहेत. तिन्ही पांढऱ्या, तिन्हींना घंट्या. पण हे मी फार पुढचं सांगतोय. आणि पुढचंच सांगायचं तर परतूरचं लग्न आधी सांगून टाकतो, म्हणजे माणूस नीट समोर उभा राहील.

माझ्या मेव्हण्याच्या मुलीचं लग्न. भर दुपारचा मुहूर्त, मंडपात पाय ठेवायला जागा नाही, आणि अंतरपाट धरायच्या वेळेला वीज गेली. जनरेटर कोरडा. महाराज जवळच एका जिनिंगमध्ये डिझेल घालत होते. मी फोन केला, दहा मिनिटांत घंटी वाजली. जनरेटर मंगल कार्यालयाच्या मागच्या बोळात, पाईप पोचत नव्हता. मॅनेजरनं डबा पुढं केला.

महाराज आत डोकावले. "ह्यात गोडंतेल होतं."

"होतं, पण आता रिकामा आहे."

"रिकामा आहे, धुतलेला न्हाई. भांडं धुवा."

मॅनेजर नळाकडं धावला. महाराज ओरडले, "पाण्यानं न्हाई! डिझेलचं भांडं डिझेलनंच धुवायचं, आन कोरडं पुसायचं. पाणी लावलं तर मशीन मेली."

माझा मेव्हणा फेटा सांभाळत आला. "दाजी, हे कोण माणूस आणलंय तुम्ही? तिकडं मुहूर्त टळून राह्यला!" पण डबा त्यालाच पुसावा लागला, कारण बाकी कुणाच्या हातात फडकं नव्हतं. त्याच्या हातात आहेराचा टॉवेल होता, कोरा, घडीचा. त्या टॉवेलनं मुलीच्या बापानं डबा पुसला. आणि तोवर महाराज काय करत होते? ते मंडपात गेले होते. माईक बंद, भटजींचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंतही जात नव्हता. महाराजांनी गळा मोकळा केला आणि मंगलाष्टक म्हणायला सुरुवात केली. चाळीस वर्षं पहाटे तीन-तीन मजल्यांपर्यंत पोचवलेला तो आवाज! स्वयंपाकघरातले आचारी हातातले झारे घेऊन बाहेर आले. शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, आणि मागं जनरेटर सुरू झाला. स्पीकर कर्कश किंचाळला, तसं वऱ्हाडातूनच कुणीतरी ओरडलं, "ए, बंद कर ते!"

तर असा माणूस. आता मूळ गोष्ट. हिच्यात माझी थोडी बेअब्रू आहे, पण तिच्याशिवाय महाराजांचा विजय अर्धाच दिसेल.

मी एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये स्टोअर सांभाळत होतो. आमच्या लोडरला, क्रेनला, जनरेटरला डिझेल लागायचं, आणि ते तीस वर्षं एकाच पंपाचे शेठ पुरवत होते. आमच्या एकट्याला नाही, कारखान्यांच्या सगळ्या ओळीला. टेम्पोतून दोनशे लिटरचं बॅरल यायचं, सील लावलेलं. आम्ही सही करायचो. बॅरल कधी कुणी मोजलं नाही. शेठचं बॅरल मोजायचं म्हणजे शेठच्या तोंडावर शंका घ्यायची, आणि शेठ तर दिवाळीला स्वतः सुकामेवा घेऊन येणारे, गोड बोलणारे, प्रत्येकाच्या मुलांची नावं पाठ असलेले. माणूस वाईट नव्हता. फक्त आपल्याशिवाय एमआयडीसी चालेल असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

महाराजांची गाडी फिरू लागली तेव्हा शेठ आमच्या ऑफिसात चहा पिताना म्हणाले, "दूधवाला डिझेल विकून राह्यला म्हणे! घ्या, घ्या. फक्त त्याची जुनी सवय सुटली का ते बघा. दूधवाला आन पाणी..." पुढचं ते बोललेच नाहीत. चहाचा घोट घेतला. सगळे हसले.

ते वाक्य आठवड्याभरात एमआयडीसीत फिरलं. महाराजांच्या कानावर गेलं तेव्हा ते माझ्यासमोरच बसले होते. चाळीस वर्षांत त्यांच्या दुधाला कुणी पाण्याचं नाव घेतलं नव्हतं. ते उपरण्यानं पावशेर माप पुसत बसले.

मी आमच्या मालकांना गळ घातली. मालक म्हणाले, "पंधरा दिवस बघू. एक जरी तक्रार आली तर गेट बंद. आणि आपलं गेट बंद झालं की ओळीतली सगळी बंद होतील, एवढं त्यांना सांगा." म्हणजे महाराजांचं सगळं त्या पंधरा दिवसांवर होतं. गाडी, नाव, आणि ते न बोललेलं वाक्य खोटं पाडण्याची एकमेव संधी.

पहिल्या दिवशी घंटी वाजवत महाराज आले आणि आमच्या डिझेलच्या लोखंडी टाकीसमोर उभे राहिले. "साहेब, भांडं?"

"टाकी आहे महाराज. हजार लिटरची."

"टाकी म्हणजे मोठं भांडं. धुतलंय?"

ती टाकी मी नोकरीला लागलो तेव्हापासून कुणी धुतली नव्हती. मी म्हणालो, उद्या धुऊन घेतो. दुसऱ्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती, तिसऱ्या दिवशी माणसं मिळाली नाहीत, आणि चौथ्या दिवशी घंटी वाजली तेव्हा मी चक्क म्हणालो, "धुतली."

महाराजांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. झाकणाला हात लावला, काढला. "तुम्ही म्हणता तर बराबर," असं म्हणून त्यांनी पाईप जोडला.

शेठचं बॅरल हातपंपानं टाकीत हळूहळू रिकामं व्हायचं. महाराजांच्या पाईपला जोर होता. त्या जोरानं तळाचं काय काय ढवळून निघालं असेल, ते मला तेव्हा सुचलं नाही. नवव्या दिवशी सकाळी लोडर आवारात मध्येच खोकला आणि बंद पडला. मेकॅनिकनं फिल्टर उघडला. फिल्टरमध्ये पाणी.

बातमी गेटाबाहेर कशी जाते ते मला अजून कळलेलं नाही. तासाभरात शेठ आले. ओळीतले आठ-दहा स्टोअरवाले आले. मालक आले. आणि शेवटी घंटी वाजवत महाराज आले, कारण त्यांची वेळच ती होती.

"काय महाराज," शेठ मोठ्यानं म्हणाले, "सवय सुटली न्हाई म्हणायची!"

महाराज लोडरजवळ गेले. फिल्टरमधलं पाणी बोटावर घेतलं, वास घेतला. मग गाडीतून एक लांब सळई काढली, तिच्या टोकाला पाणी लागलं की लाल होणारी पेस्ट लावली आणि स्वतःच्या गाडीच्या टाकीत तळापर्यंत घातली. वर काढली. पेस्ट होती तशीच. पुन्हा पेस्ट लावून आमच्या टाकीत घातली. वर काढली. लालभडक!

"टाकीत तुम्हीच घातलं असंल," शेठ म्हणाले. "गाडीत आज चांगलं आहे, काल कोण पाह्यला गेल्तं?"

मालक माझ्याकडे वळले. "गेट बंद करायचं का?"

महाराज माझ्याजवळ आले. सगळ्यांच्या देखत, पण हळू आवाजात त्यांनी विचारलं, "साहेब, भांडं धुतलं होतं?"

त्यांना उत्तर माहीत होतं. ते स्वतःच झाकण उघडून दाखवू शकले असते. पण चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी भांड्यात न डोकावता माप घातलं होतं, केवळ माझ्या शब्दावर, आणि आता तो शब्द परत घ्यायची संधीही मलाच देत होते. नोकरी डोळ्यांपुढून सरकली. मी म्हणालो, "नाही. मी खोटं बोललो. टाकी कधीच धुतली नाही."

मालक फक्त एवढंच म्हणाले, "तोटी सोडा."

टाकीच्या तळाची तोटी सोडली. आधी पाणी आलं. मग गंज. मग काळा, दाट, जेलीसारखा गाळ, पसरतच राहिला. कुणीतरी नाकाला रुमाल लावला. महाराजांनी काडीनं तो गाळ उचलून शेठना दाखवला. "शेठ, ही पाच दिवसांची साय न्हाई."

लोक हसले, आणि इथंच शेठचा तोल गेला. गप्प राहून निघून गेले असते तर मी ही गोष्ट सांगायला बसलोच नसतो. पण तीस वर्षांत त्यांच्यावर कुणी हसलं नव्हतं. ते म्हणाले, "पाण्याचं जाऊ द्या! माप? दूधवाल्याचं माप बराबर आहे कशावरून? मोजा! आत्ताच्या आत्ता मोजा, ह्या सगळ्यांसमोर! आन तुमच्या मापानं न्हाई, माझ्या पंपाच्या मापानं!"

"बिलकुल," महाराज म्हणाले.

शेठच्या पंपावरून पाच लिटरचं सरकारी शिक्क्याचं माप आलं. त्यावर हळदी-कुंकवाचे इतके थर होते की शिक्का शोधावा लागला. दर खंडेनवमीला त्याची पूजा व्हायची. मोजायला ते कुणी वापरलं नसावं. महाराजांनी ते उपरण्यानं स्वच्छ पुसलं, नमस्कार केला आणि म्हणाले, "आता एक रिकामं भांडं लागंल. दोनशे लिटरचं."

रिकामं बॅरल नव्हतं. शेडमध्ये एक होतं, पण भरलेलं. अडीनडीला ठेवलेलं, शेठच्याच पंपाचं, शेठचंच सील.

"करा रिकामं!" शेठ गरजले.

"कशानं करू?" महाराजांनी विचारलं.

"हे माप हातात आहे ना? ह्यानंच काढा!"

मी शपथेवर सांगतो, पुढं काय होणार ते त्या क्षणी महाराज सोडून कुणालाच कळलं नव्हतं. शेठना तर नाहीच.

बॅरलचं सील तोडलं. धार मापात पडू लागली. माप भरलं, आमच्या जुन्या कॅनमध्ये ओतलं, आणि महाराजांनी धान्य मोजतात तसा पहिला आकडा उच्चारला, "लाभ!" मग दोन. मग तीन. दहानंतर स्टोअरवालेही मोजू लागले. विसानंतर गेटवरचा वॉचमन मोजू लागला. तीस, एकतीस, बत्तीस, सगळं आवार एका सुरात. दोनशे लिटर म्हणजे चाळीस मापं, हा हिशोब एव्हाना सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसला होता. अडतीस! एकोणचाळिसावं माप निम्म्यावर आलं आणि धार तुटली.

शेठ पुढं झाले. त्यांनी स्वतःच्या हातांनी बॅरल तिरकं केलं, हलवलं, वाकून आत पाहिलं. चार थेंब पडले. त्यांचा चेहरा पाहिल्यावर मला कळलं, की त्यांनाही माहीत नव्हतं. तीस वर्षं बॅरल भरणारी माणसं वेगळी, पाठवणारी वेगळी, आणि शेठनी कधीच मोजलं नव्हतं.

अशा वेळी माणूस काय करील? मी असतो तर नाचलो असतो. महाराजांनी बॅरलवरून हात फिरवला, एका जागी बोट ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्याला पोचा आलाय. पोचा आलेल्या भांड्यात कमी मावतं. शेठची चूक न्हाई, भांड्याची आहे."

पोचा होता, पण करंगळी मावेल एवढाच. सगळ्यांनी पाहिला. शेठ मात्र महाराजांकडं बराच वेळ बघत राहिले.

"चला, राहू द्या आता," मालक म्हणाले.

"राहू द्या कसं?" महाराज म्हणाले. "माझं बी मोजा. माझं मोजायलाच माप आणलंय!"

रिकाम्या झालेल्या त्याच बॅरलमध्ये पाईप सोडला, महाराजांचं मीटर दोनशेवर थांबलं. मग मापानं काढलं, लाभपासून चाळीसपर्यंत, थेंब इकडं नाही की तिकडं नाही. चाळिसाव्याला टाळ्या पडल्या. आणि टाळ्या थांबायच्या आत महाराज गाडीकडं गेले, पावशेर माप भरून आणलं आणि वर घातलं.

त्या दुपारी एमआयडीसीत विचित्र आवाज येत होता. या आवारातून 'लाभ', त्या आवारातून 'चौदा', पलीकडून 'एकतीस'. प्रत्येक स्टोअरवाला आपापलं बॅरल मोजत होता. महाराजांच्या फोनला संध्याकाळपर्यंत उसंत नव्हती.

माझी नोकरी वाचली. शिक्षा मालकांनी दिली आणि ती मला मान्य होती: टाकी मी स्वतः घासायची, महाराजांनी तपासायची. मी घासली. महाराजांनी आतून बोट फिरवलं, म्हणाले, परत. मी परत घासली. परत! तिसऱ्यांदा त्यांनी खांद्यावरचं पांढरं उपरणं काढलं, टाकीच्या तळाशी फिरवलं आणि उजेडात धरलं. पांढरंच होतं. "आता घालतो," ते म्हणाले. मला शाळेतसुद्धा इतक्या आनंदानं कुणी पास केलं नव्हतं.

पुढच्या सोयाबीनच्या हंगामात एक दिवस दुपारी मला शेठचा फोन आला. त्यांचं शेत जाफराबादकडं. सोयाबीन काढून खळ्यावर पडलेली, मळणीयंत्र आलेलं, आभाळ गच्च भरलेलं, आणि त्याच दिवशी त्यांच्या पंपाचा टँकर वाटेत अडकून पंप कोरडा. मळणीवाला पुढच्या गावाला निघायच्या तयारीत होता. भिजलं तर सगळी सोयाबीन काळी पडणार. "तुमच्या महाराजांना..." शेठ म्हणाले आणि थांबले. तीस वर्षांत ते वाक्य मधेच सोडायचे ते दुसऱ्याला टोचावं म्हणून. आज त्यांना पुढचं बोलवत नव्हतं.

मी महाराजांबरोबर गाडीत बसून गेलो. ही मजा मी सोडतो होय! शेताच्या वळणावर घंटी वाजली, आणि समोर पाहतो तर शेठ बांधावर उभे, हातात डबा. आमची गाडी थांबायच्या आत त्यांनी डबा पुढं केला, तोंड महाराजांकडं करून.

"डिझेलनंच धुतलाय," ते म्हणाले. "मी स्वतः. कोरडा पुसलाय."

महाराजांनी डोकावून पाहिलं, वास घेतला, बोट फिरवलं. "एक नंबर."

डबा भरला. मळणीयंत्राची टाकी भरली. यंत्र धडधडायला लागलं, भुसा उडायला लागला, माणसं धावायला लागली. महाराजांनी पाईप गुंडाळला, टाकीचं झाकण लावलं, दार उघडून गाडीत बसले आणि किल्ली फिरवली. मी त्यांच्याकडं पाहत राहिलो. काहीतरी राहिलं होतं. चाळीस वर्षांत जे कधी राहिलं नव्हतं, ते.

"ओ महाराज!" यंत्राच्या आवाजावरून शेठची हाक आली. ते डबा घेऊन गाडीमागं धावत येत होते, धोतराचा सोगा एका हातात. "महाराज, वरचं राह्यलं!"

महाराजांनी किल्ली बंद केली. माझ्याकडं पाहून आयुष्यात पहिल्यांदा डोळा मारला. मग सावकाश खाली उतरले, पितळी पावशेर काढलं आणि शेठच्या डब्यात एकदा नाही, दोनदा घातलं.